कसुतीची मागची बाजू

प्रश्न : इरकलीवर घालायच्या ब्लाउजसाठी दोसुतीवर (धागे मोजता येतील अशा दुहेरी सुताच्या कापडावर) कसुती, म्हणजे धारवाडकडचं धागे मोजून करायचं भरतकाम, भरते आहे. गोपुर (देवळाच्या शिखराची नक्षी) समोरून बरं दिसतं, पण मागे लांब धागे लोंबतात आणि कुठे कुठे एकाच टाक्यावर दोनदा दोरा जातो. काय चुकतंय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : गोपुराच्या रेषा गवंती टाक्याच्या, आणि गवंती म्हणजे एकाच रेषेवरून दोन फेऱ्या. जाताना साधा धावदोरा घालायचा, येताना राहिलेल्या फटी भरायच्या. तुमचा दोरा दुहेरी पडतोय तो बहुधा बंद आकृतीत. चौकटीचे टाके सम असतील आणि पहिली फेरी संपल्यावर त्याच दिशेने पुढे गेलात, तर सुई भरलेल्याच टाक्यांवर येते. फेरी पुरी झाली की उलट फिरा. मग टाके सम असोत की विषम, फटीच भरतात.

मागचे लांब धागे फाट्यांमुळे, म्हणजे मुख्य रेषेतून फुटणाऱ्या छोट्या रेषांमुळे येतात. आधी मुख्य रेषा आणि मग फाटे, असं केलं की मागून उडी मारावीच लागते. फाटा फुटतो तिथेच वळा, टोकापर्यंत जा, फटी भरत परत या आणि मग पुढे चला. धारवाडकडच्या जुन्या कामात मागची बाजू इतकी देखणी दिसते ती यामुळेच. नवख्यांनी आलेखाच्या कागदावर ही वाट पेन्सिलीने आधी आखावीच.

गाठ मारू नका. सुरुवातीला बोटभर दोरा मोकळा सोडा, नंतर तो मागच्या चार-पाच टाक्यांखालून ओवून कापा. सुई बोथट टोकाची, दोरा दोन पदरी. टोकदार सुई कापडाचा धागा चिरते आणि रेघ वाकडी होते. परतीला सुई दरवेळी आधीच्या टाक्याच्या एकाच अंगाने वर काढा, दुसऱ्या अंगाने खाली घाला, म्हणजे रेघ सरळ बसते.

मुरगी ही पायऱ्यापायऱ्यांची गवंतीच, तिलाही हेच नियम. मात्र नेगी (विणल्यासारखा लांब-आखूड धावदोरा) आणि मेंथी (फुलीचा टाका) यांची मागची बाजू वेगळीच दिसते. ती पाहून काम उसवू नका.

पुढे रेशमी कापडावर भरणार असाल, तर त्याचे धागे मोजता येत नाहीत. वर जाळीचं कॅनव्हास टाचा आणि सुई फक्त त्याच्या भोकांतून घाला. कॅनव्हासचा धागा टोचला गेला, तर शेवटी तो ओढून काढताना टाकेही ताणले जातात. लाल दोरा ओल्या पांढऱ्या कापडावर घासून पाहा. रंग लागला तर तो वापरू नका.