छोट्या फेऱ्यांच्या फोर्कलिफ्टला कुठलं ऑइल? आधी थर्मोस्टॅट आहे का ते बघा

राम राम भाऊ. तुम्ही लिहिलंय की जळगावला दालमिलमध्ये ३ टनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे, ट्रक लागला की चालू, दोन-तीन मिनिटांची फेरी, लगेच बंद. वर्षभरात मीटरवर जेमतेम ९० तास झालेत आणि तरी ऑइल टाकायच्या झाकणाखाली पांढरं लोण्यासारखं जमतंय. दुकानदार म्हणतो आपल्याकडे ऊन जबरदस्त, २०डब्ल्यू-५० म्हणजे जास्त जाड ऑइल टाका, आणि भाचा म्हणतो फुल सिंथेटिक टाका.

माझं सरळ उत्तर, १५डब्ल्यू-४० टाका, डब्यावर एपीआय सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस (डिझेल इंजिनाच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं बघून घ्या, चांगल्या कंपनीचं साधं मिनरल चालतं. पण ते लोणी नुसतं ऑइल बदलून जाणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एक लिटर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बरंचसं सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं असलं की ही वाफ ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, निघून जाते, पण तुमची गाडी तापायच्या आधीच बंद होते, मग ती वाफ थंड लोखंडावर बसते, ऑइलमध्ये मिसळते आणि झाकणाखाली लोणी दिसतं. थंड सिलिंडरमध्ये डिझेलपण पूर्ण जळत नाही, ते लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, धुवून खाली येतं आणि ऑइल पातळ करतं. पाणी आणि जळालेल्या डिझेलचा आम्लपणा मिळून बेअरिंग खातात. दिवसाला आठ तास चालणाऱ्या गाडीपेक्षा अशा गाडीचं ऑइल लवकर खराब होतं हे मालकांना पटवता पटवता माझी निम्मी नोकरी गेली, कारण मीटर तर कमी दिसतं ना!

आता २०डब्ल्यू-५० चं. बाहेर ४५ डिग्री आहे म्हणून जाड ऑइल हा हिशोब तुमच्या गाडीला लागत नाही, ती आतून पुरती तापतच नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आपल्याकडे पारा १० च्या आसपास येतो, तेव्हा जाड ऑइल इंजिनच्या वरच्या भागातल्या रॉकरपर्यंत पोचायला वेळ घेतं, आणि तुम्ही दिवसातून वीस वेळा स्टार्टर मारता. सिंथेटिक वाईट नाही, पण पाणी आणि डिझेल त्यातही तितकंच मिसळतं, म्हणजे महागाचं ऑइल तितक्याच लवकर काढून टाकायचं. त्यापेक्षा साधं ऑइल वेळेवर बदला.

वेळेवर म्हणजे मीटरवर नाही, कॅलेंडरवर. मॅन्युअलमध्ये तासांबरोबर महिने पण दिलेले असतात आणि जे आधी भरेल ते धरायचं असतं, ती ओळ कोणी वाचत नाही. २५० तासांची वाट बघाल तर तुमच्या चालीने पावणेतीन वर्षं लागतील. दर सहा महिन्यांनी बदला, लोणी दिसत असेल तर तूर्त चार महिन्यांनी, आणि फिल्टर दरवेळी, जुना फिल्टर ठेवून नवीन ऑइल टाकणं मला अजिबात पटत नाही.

आता खरी गोष्ट, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. जामनेरकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचलायची गाडी माझ्याकडे होती. एप्रिलमध्ये गरम व्हायला लागली, मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकला, तापमानाचा काटा खाली आला, सगळे खूश. पुढच्या हंगामात थंडीत मी बघितलं तर काटा तळालाच चिकटलेला, अर्धा तास काम करूनही वर सरकेना. झाकण उघडलं तर बोटभर लोणी, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून पुन्हा बुडवली तर लेव्हल वरच्या खुणेच्याही वर, आणि वास घेतला तर स्वच्छ डिझेलचा. इंजिन खोललं तेव्हा मेन बेअरिंगच्या शेलवर सुईने टोचल्यासारखे खड्डे होते, आणि मीटरवर फक्त ११०० तास. मुळात गाडी गरम का होत होती, तर रेडिएटरच्या जाळीत रुई गादीसारखी बसली होती. ज्या बाजूने फॅनची हवा बाहेर पडते त्या बाजूने उलटी हवा मारली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. तुमच्याकडे रुई नसेल पण डाळीचा भुसा-फोलपटं तर आहेच, ते पण तसंच बसतं. तेव्हा थर्मोस्टॅट आहे का ते आजच बघा, नसेल तर तुमच्या इंजिनचाच आणून बसवा. बहुतेक ८० डिग्रीच्या आसपास उघडणारा असतो.

ऑइलमध्ये पाणी आहे का हे घरीच कळतं. जुना तवा घ्या, जो परत स्वयंपाकात जाणार नाही, बाहेर उघड्यावर चांगला तापवा आणि डिपस्टिकवरून एकच थेंब टाका, तोंड लांब ठेवून. नुसता धूर निघाला तर ठीक, फोडणीत मोहरी तडतडते तसं तडतडलं तर पाणी आहे. आणि सगळं ऑइलच दुधाळ झालं असेल, रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर मग हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) बघा, तो आजार वेगळा, तिथे ऑइल बदलून काही होणार नाही.

कामाची पद्धत पण थोडी बदला. दोन ट्रकमध्ये पाच मिनिटांचं अंतर असेल तर बंद करू नका. जमलं तर पोती सकाळी अकरा वाजता आणि दुपारी चार वाजता अशी एकत्र करून लावा, म्हणजे गाडी सलग अर्धा तास चालेल. आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस मिनिटं वजन घेऊन यार्डात फिरवा. नुसतं जागेवर रेस सोडून उभी ठेवून डिझेल इंजिन तापत नाही, उलट डिझेल खाली उतरतं. ऑइल काढायचं तेही अशा फेरीनंतर गरम असतानाच, म्हणजे तळाचा गाळ बरोबर येतो. आणि हंगाम संपल्यावर गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर उभी करायच्या आधी बदला, नंतर नाही. आम्लाचं ऑइल घेऊन उभं राहिलेलं इंजिन आतून गंजतं.

कोणी एलपीजीची गाडी वापरत असेल त्यांनी हे ऑइल उचलून टाकू नये, त्यांच्या मॅन्युअलमध्ये गॅस इंजिनसाठी सांगितलेलं ऑइलच घ्यावं. आणि दुचाकीचं ऑइल डिझेल गाडीत कोणीच टाकू नका, काजळी धरून ठेवायची ताकद त्याच्यात नसते.

तुम्ही उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी, सपाट जागेवर डिपस्टिक बघा, लेव्हल मागच्या वेळेपेक्षा वर चढलीय का, वास कसला येतोय, आणि अर्धा तास काम झाल्यावर काटा कुठे थांबतो, एवढं लिहा भाऊ, मग पुढचं सांगतो.