‘ड्रॅव्हेनने’ की ‘ड्रॅव्हेनाने’?

नागपुरातलेच एक वाचक मराठीत कल्पनारम्य कादंबरी लिहीत आहेत. जंगलातलं काल्पनिक राज्य, तीन टोळ्या, एक हरवलेली राजकन्या. पात्रांची नावं त्यांनी झायरॉन, ड्रॅव्हेन, एल्थिया अशी ठेवली होती. सुरुवातीची प्रकरणं वाचून मित्र म्हणाला, ‘काय बे, औषधांची नावं आहेत का ही?’ मग त्यांनी ती बदलून वीरसेन, अग्निसेन, चंद्रिका केली, तर सगळं पौराणिक मालिकेसारखं वाटायला लागलं. त्यांचे प्रश्न दोन आहेत. ‘ड्रॅव्हेनने तलवार उपसली’ लिहायचं की ‘ड्रॅव्हेनाने’? आणि परकंही वाटेल, मराठीही वाटेल असं नाव काढायचं कुठून?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: ‘ड्रॅव्हेनने’. पण ते तसं का, हे पाहिलं की दुसरा प्रश्नही बराचसा सुटतो.

मराठी कथा बहुधा भूतकाळात चालते, आणि भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की कर्त्याला सहसा ‘ने’ लागतो. नायकाने दार उघडलं, नायकाने पाणी ओतलं, नायकाने शत्रूला मारलं. त्यामुळे वाचकाला तुमचा नायक नुसत्या ‘ड्रॅव्हेन’ या रूपात कमीच भेटणार. तो भेटणार ‘ड्रॅव्हेनने’, ‘ड्रॅव्हेनला’, ‘ड्रॅव्हेनचा’ असा. इंग्रजीत नाव वाक्यात कुठेही आलं तरी अंग चोरत नाही. आपल्याकडे त्याला प्रत्ययाआधी सामान्यरूपाच्या दारातून जावं लागतं. म्हणून माझा सल्ला एवढाच की मराठी कादंबरीतलं नाव ‘ने’ आणि ‘ला’ लावून, हाक मारून मगच पक्कं करावं.

आता हे दार सगळ्या नावांसाठी सारखं उघडत नाही. ‘अर्जुनाने धनुष्य उचललं’ आणि ‘अर्जुनने बाइक लावली’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. नाव तेच, पण पहिला महाभारतातला आणि दुसरा आपल्या गल्लीतला, हे एका कान्याने कळतं. अकारान्त पुरुषनामांचं जुनं सामान्यरूप आकारान्त होतं: रामाने, विठ्ठलाला, भीमाचा. हल्लीच्या माणसांना आपण ते लावत नाही: राहुलने, सचिनला. बायकांच्या नावांतही तेच. जुनी सीता ‘सीतेने’, आजची पूजा ‘पूजाने’. म्हणजे सामान्यरूप होणं ही मराठीत दूरत्वाची, गोष्टीतल्या माणसाची खूण झाली आहे. कल्पनारम्य कथेला नेमकं हेच हवं असतं आणि ते व्याकरणात फुकट मिळतं! ‘ड्रॅव्हेन’ मात्र ते घेऊ शकत नाही, कारण ‘ड्रॅव्हेनाने’ म्हटलं की ड्रॅव्हेना नावाची कोणी बाई डोळ्यांसमोर येते. संबोधनात तर पंचाईतच. ‘अर्जुना, ऊठ’ म्हणता येतं; ‘ड्रॅव्हेना, ऊठ’ म्हटल्यावर कोण उठेल?

आपल्या शहराचं नावही थोडा हाच खेळ खेळतं. आपण ‘नागपूरला’ जातो पण ‘नागपुरात’ राहतो. ‘ला’पुढे नाव जसंच्या तसं, ‘त’पुढे मात्र सामान्यरूप, आणि ते झालं की ‘पू’चा ‘पु’. ‘नागपुराला’ कोणी म्हणत नाही. गावांची नावं योजतानाही हे ध्यानात असू द्या.

शेवटच्या अक्षराबद्दल दोन बारीक गोष्टी. न किंवा ल वर संपणारं आणि सामान्यरूप न घेणारं नाव ‘नने’ आणि ‘लला’ अशी अडखळ देतं. बोलण्यात ती खपते, तीनशे पानं वाचताना खुपते. पुल्लिंगी आकारान्त नावाचं जुनं सामान्यरूप ‘या’चं: सुदामा, सुदाम्याचे पोहे. त्यामुळे ‘झोरा’ नावाचा सम्राट केलात तर एखादा वाचक मनात ‘झोऱ्याने’ म्हणणारच, आणि ‘गण्या, रम्या, सच्या’ ऐकत वाढलेल्या कानाला तो सम्राट चहाच्या टपरीवर उभा दिसेल. (याला मोठा अपवाद आपल्या शेजारीच आहे. चंद्रपूर वसवणारा गोंड राजा म्हणून ज्याचं नाव घेतात तो खांडक्या बल्लाळशाह. अंगावर खांडकं होती म्हणून हे नाव पडलं अशी आख्यायिका आहे. पुढे ‘शाह’ असल्यावर मागचं ‘क्या’ कोणाची छाती आहे हिणवायची!)

मित्राला औषधं का आठवली, याचं कारण ॲ आणि ऑ. हे दोन स्वर मराठी लिपीत आपण इंग्रजी शब्दांसाठी आणले: बॅट, डॉक्टर, ऑफिस. मराठी डोळा अर्धचंद्र पाहतो आणि शब्दाला थेट इंग्रजीच्या कप्प्यात टाकतो. तुम्हाला अज्ञात देशातला माणूस दाखवायचा आहे आणि वाचकाला दिसतोय दवाखाना. अर्धचंद्र काढले की अर्धं काम होतं.

मग परकेपणा आणायचा कशाने? भाषेच्या आतल्याच पण न वापरलेल्या जागांनी. ळ आणि ण हे आपले रोजचे वर्ण, पण मराठी शब्दाच्या सुरुवातीला ते येत नाहीत. प्राकृतात ‘ण’ सुरुवातीला सर्रास यायचा. जैनांच्या ‘णमो अरिहंताणं’मध्ये तो आजही ऐकू येतो. पत्रिकेतही ही गंमत आहे. हस्त नक्षत्राची चरणाक्षरं पू, ष, ण, ठ. तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या बाळाचं नाव ‘ण’वरून ठेवायचं, आणि घरचे लोक एकमेकांकडे बघत बसतात. तुमच्या तीन टोळ्यांपैकी एकीची नावं ‘ण’ने सुरू होऊ द्या: णिखर, णेमा, णारव. वर्ण ओळखीचा, जागा अनोळखी. एकाच टोळीपुरतं मात्र. सगळ्या राज्यात केलंत तर विनोदी होईल.

च, ज, झ जपून वापरा. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च वेगळे, ‘जरा’ आणि ‘जय’मधले ज वेगळे, पण लिपीत फरक दिसत नाही. ओळखीच्या शब्दात अडत नाही. ‘चाखर’ असं नवं नाव दिलंत की अर्धे वाचक एक उच्चार करतील, अर्धे दुसरा. त्यापुढे इ, ई किंवा य ठेवलात की प्रश्न मिटतो, कारण तिथे उच्चार तालव्यच, म्हणजे ‘चार’मधल्या च सारखा होतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ एकापाठोपाठ म्हणून पाहा.

विदर्भात राहून लिहिताय तर एक साधन तुम्हाला पुण्या-मुंबईच्या लेखकापेक्षा जास्त हाताशी आहे. आपल्या ‘डोळा’चं पश्चिमेला वऱ्हाडीत ‘डोया’ होतं आणि पूर्वेला भंडारा-गोंदियाकडच्या झाडीबोलीत ‘डोरा’. ळचा एकीकडे य, दुसरीकडे र. आता समजा हरवलेल्या राजकन्येचं नाव ‘काळवी’ आहे. एका सीमेवरचे लोक तिला ‘कायवी’ म्हणतात, दुसऱ्या सीमेवरचे ‘कारवी’. ती कुठे लहानाची मोठी झाली हे ती स्वतःचं नाव सांगते तेव्हाच उघड होईल, आणि तिला शोधत आलेला दूत चुकीचं नाव विचारत फिरत राहील. (‘कारवी’ नावाचं झुडूपही असतं, त्याचाही उपयोग करता येईल.) नकाशा छापायची गरज नाही.

नावं उचलायची तर घरच्या माळ्यावर भरपूर आहेत. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे टोल्किन हे ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. गँडाल्फ हे नाव आणि बुटक्यांची नावं त्यांनी जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘व्होलुस्पा’ या काव्यातून घेतली. म्हणजे ज्या नावांचं अनुकरण करत आपण ‘झायरॉन’पर्यंत पोचतो, ती त्यांच्या शेजारघरची जुनी नावं आहेत. आपलं जुनं घर रामटेकच्या वाटेवर आहे. तिथलं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन असं मानतात. त्या घराण्यातली नावं बघा: विंध्यशक्ती, प्रवरसेन, रुद्रसेन, पृथिवीषेण, प्रभावतीगुप्ता. यातलं ‘पृथिवीषेण’ नीट पाहा. रुद्रसेनाचा ‘सेन’ इथे ‘षेण’ का झाला? संस्कृतात आधी इ-ईसारखा स्वर असेल आणि शब्द कोणाचं नाव असेल, तर सेनचा षेण होतो: हरिषेण, सुषेण. वीरसेन मात्र वीरसेनच राहतो, कारण आधी अ आहे. याच जातीचा दुसरा नियम शूर्पणखेत आहे. ती रावणाची बहीण असेल तर ‘ण’ने शूर्पणखा, सुपासारखी नखं असलेली कोणी बाई एवढंच म्हणायचं असेल तर ‘न’ने शूर्पनखी. वर्णन गोठून नाव झालं की अक्षर बदलतं. तेव्हा तुमच्या यादीतल्या ‘अग्निसेन’चं ‘अग्निषेण’ करा. बदल दोन अक्षरांचा, पण मालिकेची झाक उडते, आणि ‘अग्निषेणाने’ तोंडात छान वळतं.

बायकांच्या नावांसाठी महानुभावांकडे जा. तेराव्या शतकातल्या चक्रधरांच्या परिवारात बाइसा, महदाइसा, उमाइसा, आऊसा आहेत. हा ‘आइसा’ शेपटाला लावून एखाद्या घराण्याच्या सगळ्या स्त्रियांची नावं बांधता येतील, आणि नवा प्रत्यय शोधल्याचं श्रेय वाचक तुम्हालाच देईल. सातवाहनांचं आणखी निराळं. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी: राजाची ओळख आईच्या नावाने. ज्या राज्याला राजकन्या हरवल्याचं एवढं दुःख आहे, तिथे ही रीत शोभेल.

आणि खेड्यातली ती मुद्दाम वाईट ठेवलेली नावं विसरू नका. मुलं जगत नसत तेव्हा मृत्यूने किंवा दृष्ट लावणाऱ्याने पोराकडे बघू नये म्हणून उकंडराव, चिंधू, कवडू, दगडू, शेणफडू. उकिरड्यावर टाकल्यासारखं केलं, कवडीला विकल्यासारखं केलं, की ते पोर आपलं राहत नाही; मग त्याला कोण नेणार? शिवाय आपल्याकडे पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं असतंच. ‘खरं नाव कळलं की माणूस ताब्यात येतो’ ही कल्पना परदेशी कथांतून आयात करायची काय गरज? तुमच्या राज्यात सरदारांची मुलं कवडू आणि चिंधू असू द्या, आणि भारदस्त नाव फक्त ज्याला मरणाची भीती नाही त्यालाच.

एका गोष्टीबद्दल मात्र मी हट्टाने सांगेन. जंगलातलं राज्य म्हटलं की लेखकांचा हात गोंडी शब्दांकडे जातो. नावांचा नाद सुंदर आहे, शंका नाही. पण लिंगो आणि जंगो ही गोंडांची दैवतं, लोकांच्या श्रद्धेच्या गोष्टी आहेत, गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला आजही हजारो लोक त्यांच्यासाठी चालत येतात. मडावी, आत्राम, उईके ही तुमच्या कार्यालयात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाची आडनावं आहेत. त्यांतलं एक उचलून नरभक्षक टोळीला चिकटवणं हे कल्पनादारिद्र्य आहे आणि उद्धटपणाही. गोंडी नाव घ्यायचंच तर ते भाषा येणाऱ्या माणसाला विचारून, आणि नायकाला.

राक्षस-श्वापदांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. हिंदीकडे नसलेलं नपुंसकलिंग आपल्याकडे आहे. ‘गुहेतून तो बाहेर आला’ यापेक्षा ‘गुहेतून ते बाहेर आलं’ याने जास्त भीती वाटते. फक्त ऊकारान्त नाव देऊ नका. पाखरू, वासरू, कोकरू यांच्या रांगेत बसून ते गोजिरं होईल. भूत, धूड यांच्या वळणावर जा. ‘धुमूळ’ कसं वाटतं? ते धुमूळ, धुमुळाने, धुमुळाचं. नागपूर-नागपुरात सारखाच उकार ऱ्हस्व होतो, आणि धूर नि धुमाकूळ दोन्ही मागे ऐकू येतात.

जुनी नावं अगदीच सोडवत नसतील तर ती मराठीत मुरवून घ्या. ड्रॅव्हेनचा ‘दरवेण’ करा: दरवेणाने, दरवेणाला, ‘अरे दरवेणा!’ झायरॉनचा ‘झिरण’. झपुढे इकार असल्याने उच्चारही एकच. एल्थियाची ‘एलथी’ केली की ‘एलथीने, एलथीचा’ बिनबोभाट चालतं. मग तिन्ही नावांनी त्याच मित्राला भांडणाच्या सुरात हाक मारून दाखवायला सांगा. तो ‘काय बे दरवेण्या’ म्हणाला, तर नाव चालणार.