चित्र विकलं, मुखपृष्ठ दिलं. आता पुस्तक कुणाच्या परवानगीनं?

प्रश्न : मी वाईत राहतो, शाळेत चित्रकला शिकवतो. गेल्या १२ वर्षांत कृष्णेचे घाट, मेणवली, जुने वाडे यांची सत्तरेक जलरंगचित्रं केली. त्यांतल्या ४८ चित्रांचं पुस्तक स्वखर्चानं काढायचं आहे. यातली नऊ मूळ चित्रं प्रदर्शनात पुण्याच्या एका गृहस्थांनी विकत घेतली. ते म्हणतात, 'पैसे मोजलेत, मला विचारल्याशिवाय छापायची नाहीत.' दोन चित्रं एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठांवर गेली. एक आधीच काढलेलं होतं, दुसरं संपादकांनी विषय देऊन काढून घेतलं. आतली शाईची रेखाटनंही माझीच. मानधन मिळालं, कागदावर काही नाही. तेही आता हक्क सांगतात. एक प्रकाशक सगळा खर्च करायला तयार आहे, पण त्याच्या करारात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं लिहिलंय. काय करू?

उत्तर : तुम्ही पाठवलेली विक्रीची पावती मी दोनदा वाचली. वहीचं फाडलेलं पान, रेव्हेन्यू स्टँपवर तुमची सही आणि मजकूर एवढाच : 'नऊ जलरंगचित्रं, पूर्ण रक्कम मिळाली.' छापण्याच्या हक्काबद्दल त्यात एक अक्षर नाही, आणि तेच तुमच्या पथ्यावर पडणार आहे.

चित्राचा कागद एकाच्या मालकीचा आणि ते छापण्याचा हक्क दुसऱ्याचा, असं असू शकतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी करार लागतो, त्यावर देणाऱ्याची सही लागते. त्या गृहस्थांनी चित्रं घेतली, हक्क घेतले नाहीत. पुस्तकात ती नऊच्या नऊ चित्रं छापा. मात्र 'पुन्हा स्कॅन करायचंय, चित्रं द्या' असं त्यांच्यावर बंधन घालता येणार नाही. त्या नऊ चित्रांचे फोटो विक्रीआधी तुमच्या मित्रानं काढले होते, असं तुम्ही लिहिलंय. त्याला पैसे दिले होते का? दिले असतील आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर फोटोंचा कॉपीराइट तुमचा. मैत्रीखातर फुकट काढले असतील तर तो त्याचा. त्याच्याकडून 'पुस्तकात वापरायला हरकत नाही' अशी एक ओळ सहीनिशी घेऊन ठेवा. मित्र आहे, देईल.

आता दिवाळी अंक. इथे मला तुम्हाला थोडं नाराज करावं लागेल. 'मी काढलं म्हणजे माझंच' या समजुतीवर आपले बहुतेक चित्रकार आयुष्यभर काम करतात, आणि कलम १७ वाचून दाखवलं की त्यांचे चेहरे उतरतात. ते माझ्या मनाला दरवेळी लागतं. त्या कलमात अपवाद आहे : कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेला फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे विषय देऊन करून घेतलेल्या दुसऱ्या मुखपृष्ठावर संपादकांचा दावा पोकळ नाही. अंकाचा मालक त्याचा कॉपीराइट आपला म्हणू शकतो.

पहिल्या मुखपृष्ठाचं तसं नाही. ते चित्र आधीच तयार होतं, कुणी सांगितलं म्हणून काढलेलं नव्हतं. तुम्ही ते एका अंकात छापू दिलंत, एवढंच. ते तुमचं. फक्त ते आधीचं आहे हे दाखवता आलं पाहिजे. तुमच्या स्केचबुकातल्या त्या पानावर तारीख आहे, असं तुम्ही म्हणता. ते पान आजच स्कॅन करून ठेवा, आणि त्या वेळी कुणाला चित्राचा फोटो पाठवला असेल तर तो मेसेजही.

रेखाटनांबद्दल माझं मत तुमच्या बाजूचं आहे. कायद्यानं कलाकृतीच्या व्याख्येत 'पेंटिंग' आणि 'ड्रॉइंग' हे दोन शब्द वेगवेगळे वापरलेत, आणि कलम १७ च्या त्या अपवादात 'ड्रॉइंग' हा शब्द नाही. त्यामुळे शाईची रेखाटनं तुमचीच राहतात, असा युक्तिवाद मी न्यायालयात न डगमगता करीन. पण एका पुस्तकापायी त्या वाटेला जायची वेळ यावी, असं मला वाटत नाही. संपादकांना पत्र लिहा : दुसरं मुखपृष्ठ आणि रेखाटनं या पुस्तकात छापायला आपली हरकत नाही, मूळ प्रसिद्धीचा उल्लेख पुस्तकात केला जाईल. खाली त्यांच्या सहीसाठी जागा सोडा. 'तुमचे हक्क मान्य आहेत' असं वाक्य चुकूनही घालू नका.

शाळेचा इथे संबंध नाही. सुट्टीच्या दिवशी घाटावर बसून काढलेली चित्रं नोकरीच्या कामात धरली जात नाहीत. वाड्यांच्या मालकांनाही विचारावं लागत नाही. इमारतीचं चित्र काढून छापायला कायद्यात मुभा आहे.

प्रकाशकाच्या करारावर आहे त्या स्वरूपात सही करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षं चालतो. 'कायमस्वरूपी' लिहून दिलंत तर तुमच्या नातवंडांनाही त्या घाटांचं साधं कॅलेंडर काढता येणार नाही. करारात मुदत लिहिली नसती तर कायद्यानं ती ५ वर्षं धरली असती, आणि प्रदेश लिहिला नसता तर फक्त भारत. प्रकाशकानं 'कायमस्वरूपी' लिहिल्यामुळे मुदतीचं हे संरक्षण तुमच्या हातून जातं. त्याला सांगा : छापील पुस्तक, मराठी आवृत्ती, किती प्रती ते आकड्यात, मुदत ५ वर्षं, रॉयल्टी किती आणि हिशेब कधी. ई-बुक, कॅलेंडर, भेटकार्डं तुमच्याकडे. चित्र कापायचं किंवा उलटं छापायचं असेल तर आधी तुमची लेखी संमती. हे त्याला मान्य नसेल तर स्वखर्चानं काढा, आणि माझ्या मते तुमच्यासाठी तेच बरं.

स्वतः काढताना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून घ्या. तो फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका. छापखान्याकडून लिहून घ्या की फाइल्स तुमच्या आहेत आणि ठरल्यापेक्षा एकही जास्त प्रत छापली जाणार नाही. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण पुराव्याला फार उपयोगी पडते. एका चित्राला सरकारी शुल्क ५०० रुपये. अठ्ठेचाळीस नकोत, ज्यांवरून वाद होऊ शकतो अशा चारपाच चित्रांची करा. पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली नेमून दिलेली ग्रंथालयं यांना एकेक प्रत पाठवणं १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकावर बंधनकारक आहे. इथे प्रकाशक तुम्हीच. छपाईची संख्या ठरवताना या चार प्रती धरा.

संपादकांना पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती जपून ठेवा, महिनाभर वाट पाहा. उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर ते एक मुखपृष्ठ वगळा आणि ४७ चित्रांचं पुस्तक छापायला द्या. मग रेखाटनं घ्यायची की नाही, ते मला त्या अंकाच्या आतल्या पानांचे फोटो पाठवलेत की सांगते.