गरम पाण्याच्या पंपाला ईपीडीएमची ओ-रिंग चालेल, की वायटनच घ्यावी?

ओ-रिंग म्हणजे जोडातून गळू नये म्हणून बसवायची रबराची कडी; ईपीडीएम आणि वायटन ही त्यासाठीची दोन वेगळी कृत्रिम रबरं. वायटन घेऊ नका. पाणी 85-90 अंशांचं आणि आठवड्यातून दोनदा गरम कॉस्टिकने (कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने) धुलाई, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्या माहितीवर माझं उत्तर ईपीडीएम. दुकानदार चौपट पैसे घेऊन तुमच्या गळ्यात चुकीची वस्तू मारतोय. पण खरं सांगायचं तर मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे: "महाग आहे म्हणजे जास्त टिकणारच ना?" याच अर्थाचं मला एकदा भर मीटिंगमध्ये ऐकवलं गेलं होतं.

2009 साल. सांगली जिल्ह्यातल्या एका दूध डेअरीत मी मेंटेनन्सला होतो. सीआयपीच्या, म्हणजे यंत्रं न खोलता जागच्या जागी धुण्याच्या, पंपाच्या सीलला नायट्राइल या रबराच्या ओ-रिंगा असायच्या. कॉस्टिक दीड टक्का, 80 अंश, रोज. दर अडीच-तीन महिन्यांनी रिंग कडक व्हायची, चेपून चपटी राहायची आणि पंप गळायला लागायचा. नायट्राइल तेलासाठी उत्तम, पण रोजच्या गरम पाण्यात आणि कॉस्टिकमध्ये ते लवकर म्हातारं होतं. म्हणून मी मागे लागून ईपीडीएमच्या रिंगा मागवल्या. परचेसवाल्यांना पटवायलाच महिना गेला.

रिंग बसवली आणि पाचव्या दिवशी पहाटे पंपाखाली पाण्याचं थारोळं.

पंप खोलला. रिंग खाचेतून वर आलेली, भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी टम्म. नव्या रिंगेची जाडी 3.53 मिमी. ही व्हर्नियरमध्ये (जाडी मोजायच्या साधनात) धरली तर 3.9 च्या आसपास. बोटांत दाबली की मऊ लागत होती आणि बोटांना पिवळसर तेलकट ओशटपणा राहत होता. गरम पाण्याने फुगलेल्या रबराला तेल सुटत नाही. मी फिटरला विचारलं, "अण्णा, बसवताना काय लावलंत?" ते म्हणाले, "नेहमीचंच की साहेब, ग्रीस. सुकी रिंग कशी बसंल?" बेअरिंगच्या डब्यातलं ग्रीस त्यांनी खाचेत बोटाने दाबून भरलं होतं. त्यांची काहीच चूक नव्हती. नायट्राइलला ते वीस वर्षं हेच ग्रीस लावत होते आणि नायट्राइलला ते चालतंच. ईपीडीएमला चालत नाही हे त्यांना सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नव्हतं, आणि ही माझी चूक मी त्या दिवशीही कबूल केली.

कारण साधं आहे. ईपीडीएम आणि खनिज तेल एकाच जातकुळीतले, दोन्ही हायड्रोकार्बन. तेल रबरात शिरतं आणि रबर फुगतं. नायट्राइलमध्ये अ‍ॅक्रिलोनायट्राइल असतं, ते तेलाला आत येऊ देत नाही. म्हणून डिझेल, हायड्रॉलिक ऑईल, गिअरबॉक्स म्हटलं की नायट्राइल. गरम पाणी, कॉस्टिक, ग्लायकॉलवालं ब्रेक ऑईल म्हटलं की ईपीडीएम. यात स्वस्त-महाग कुठेच येत नाही.

मीटिंगमध्ये मात्र तेवढंच आलं. वरिष्ठ म्हणाले, "स्वस्तातलं घेतलं की असंच होतं. वायटन मागवा." मी ग्रीसचं सांगितलं, तर "चिमूटभर ग्रीसने कधी रबर फुगतं का?" असं म्हणून विषय संपवला. त्या रात्री मी स्टीलचे दोन डबे घेतले. एकात प्लांटमधलंच कॉस्टिकचं पाणी आणि एक नवी ईपीडीएमची रिंग, दुसऱ्यात तेच बेअरिंगचं ग्रीस आणि तशीच रिंग. दोन्ही बॉयलर हाऊसमध्ये गरम पाइपाजवळ ठेवले. चार दिवसांनी पहिली जशीच्या तशी 3.53. दुसरी फुगलेली. डबे घेऊन केबिनमध्ये गेलो. त्यांनी झाकण उघडूनही बघितलं नाही.

वायटन आलं, बसलं. जेमतेम तीन महिन्यांनी सील खोललं तेव्हा रिंग वाकवताच तिच्या पाठीवर बारीक चिरा उघडल्या. गरम अल्कली, म्हणजे इथे कॉस्टिक, वायटनच्या रेणूंच्या साखळीतून फ्लोरिन खेचून काढते आणि रबर कडक, ठिसूळ होतं. 200 अंश सोसणारं वायटन ते हेच, पण ते सोसतं कोरड्या उष्णतेत आणि तेलात. डब्यावरचा आकडा वाचून पाण्यात बुडवलं की फसगत होते. त्यानंतर ईपीडीएमची ऑर्डर पुन्हा गेली. ती का गेली हे कुणी कुठे लिहिलं नाही आणि मला कुणी काही म्हटलं नाही. या वेळी अण्णांनी खाच कोरड्या फडक्याने पुसली, रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला आणि बसवली. पुढच्या वार्षिक शटडाऊनपर्यंत त्या पंपाखाली थेंब पडला नाही. चुकीचं ठरवलं गेलं ते रबर बरोबर होतं, हे मी आजही ठासून सांगतो.

तेव्हा तुमच्याकडे रिंग बदलाल तेव्हा फिटरच्या हातातला डबा आधी बघा. सिलिकॉन ग्रीस नसेल तर ग्लिसरीन लावा, नाहीतर साबणाचं पाणी. खाच डिझेलने किंवा रॉकेलने धुवायची सवय असते, ती मोडा. दुकानात नुसतं "ईपीडीएम द्या" म्हणू नका. पेरॉक्साइड क्युअर्ड (पेरॉक्साइडने पक्कं केलेलं) आणि 70 शोअर (हे रबराच्या कडकपणाचं माप) असं बिलावर लिहून घ्या. गंधकाने पक्कं केलेलं ईपीडीएम स्वस्त मिळतं, पण सततच्या उष्णतेत ते लवकर चेपून बसतं. कधी नायट्राइल घ्यायचं झालं आणि रिंगा खिळ्याला टांगलेल्या असतील, तर त्या दुकानातून घेऊच नका. ताणलेल्या नायट्राइलला हवेतला ओझोन फार लवकर चिरतो.

एक राहिलं. तुमच्या लाइनमधून साय, लोणी किंवा तूप जात असेल, तर माझं वरचं उत्तर तिथे लावू नका. चरबीतही ईपीडीएम फुगतं. प्रश्नात तुम्ही फक्त पाणी लिहिलंय म्हणून मी पाणीच धरलं. खाण्याच्या वस्तूला रबर लागणार असेल तर फूड ग्रेडचं सर्टिफिकेटही मागा.

आणि रबर ओळखायला जाळून बघायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. वायटन जाळू नका. त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघतो आणि जळून काळ्या पडलेल्या रिंगेला उघड्या हाताने शिवलात तरी कातडी आतपर्यंत भाजू शकते. वायटन ओळखायचं तर त्याच मापाच्या दोन रिंगा तराजूत टाका. वायटनची रिंग ईपीडीएमच्या साधारण दीडपट भरते.