पहिल्यांदाच कच्चा माल आयात करताय?

सगळे नियम पाठ करत बसू नका. आधी एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आणि ज्यावरून शुल्क ठरतं तो क्रमांक, पक्का करा. त्याचे पहिले 6 अंक जगभर सारखे, पुढचे देशागणिक बदलतात. म्हणून पुरवठादाराचा कोड जसाच्या तसा उचलू नका. शंका असेल तर कोणता कोड लागेल याचा कस्टम्सकडून आगाऊ निर्णय घ्या. 2017 पासून लागू असलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण करारात ती तरतूद आहे.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती) यांवरचं वजन, नग जुळत नाहीत.
- जहाज लागल्यावर कागद गोळा करतात. ते आधीच दाखल करा. एक सुटा भाग बंदरात अडकला तरी अख्खी उत्पादन लाइन थांबते, तुमच्या तयार मालाच्या निर्यातीची तारीख हुकते, डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा आकार) वेगळंच.

शुल्क सवलतीच्या योजना पुढच्या खेपेला बघा. पहिली नक्की जमेल तुम्हाला.