‘क्वीन्स गॅम्बिट’ला ‘वजिराचा बळी’ म्हणावे का?

विश्वनाथन आनंद यांनी २०१० साली सोफिया येथे व्हेसेलिन टोपालोव यांच्याविरुद्धचा जगज्जेतेपदाचा निर्णायक बारावा डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकला, तो ‘क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड’ या प्रारंभाने, म्हणजे डाव सुरू करण्याच्या एका ठरावीक चालक्रमाने. या नावासाठी ‘वजिराचा बळी नाकारणे’ असा शब्दप्रयोग चालेल का, अशी पृच्छा आहे. माझ्या मते तो मुळीच चालणार नाही, कारण या प्रारंभात वजीर आपल्या घरातून हललेलाही नसतो.

दोन्ही बाजूंची वजिरापुढची प्यादी दोन-दोन घरे सरकली, की दुसऱ्या चालीत पांढरा खेळाडू वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे सी४ वर (सी या उभ्या रांगेतल्या चौथ्या घरात) आणतो आणि काळ्याला ते मारता येते. ‘क्वीन्स’ हे विशेषण पटाची बाजू सांगते, काय पणाला लावले ते सांगत नाही.

‘बळी’ हा शब्दही इथे बसत नाही. काळ्याने ते प्यादे मारले, पांढऱ्याने ई३ खेळल्यावर बी५ अशी चाल करून ते राखू पाहिले, तर पांढऱ्याची ए४, काळ्याची सी६, बी५ वर प्याद्यांची मारामारी आणि मग एफ३ वर येणारा पांढरा वजीर थेट ए८ च्या हत्तीवर रोख धरतो. हत्ती वाचवायचा तर घोडा किंवा उंट गमवावा लागतो. म्हणजे दिलेले प्यादे टिकवणेच काळ्याला महागात पडते, म्हणून हा खरा बळी नव्हे.

‘गॅम्बिट’चे मूळ इटालियन भाषेत पाय अडकवून पाडण्याच्या क्रियेत आहे, आणि आपल्या कुस्तीतला ‘टांग’ त्याच्या फार जवळचा आहे. तरीही बुद्धिबळात ‘डाव’ म्हणजे अख्खा खेळ असल्याने ‘टांग डाव’ वाचकाला चकवेल. म्हणून नाव ‘क्वीन्स गॅम्बिट’ असेच ठेवावे आणि खुलासा ‘वजिराकडील प्यादे देऊ करणे’ असा करावा. ‘देऊ करणे’ यात घ्यायचे की नाकारायचे हा प्रतिस्पर्ध्याचा हक्क आपोआप येतो.

‘बळी’ हा शब्द सोफियातल्या त्या बाराव्या डावात पुढे मात्र शोभेल. एकतिसाव्या चालीत टोपालोव यांनी एफ५ वरचे प्यादे मारले, तेव्हा आनंद यांनी ते परत मिळवण्याऐवजी दुसरे प्यादे ई४ वर ढकलले. तेही मारले जाताच काळ्या वजिराने ई४ वरून शह दिला आणि पांढरा राजा उघड्यावर आला.