गुलाबी कमळ राखाडी का झालं?

मातीकाम : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी पांढऱ्या स्टोनवेअर (उंच तापमानाला भाजायच्या) मातीच्या ताटल्या करते. कच्च्या ताटलीवर विकतच्या अंडरग्लेझनं (ग्लेझखाली द्यायच्या रंगानं) गुलाबी कमळ, हिरवी पानं आणि निळी किनार रंगवली. पहिल्या भाजणीनंतर रंग सुरेख दिसत होते. मग वर पारदर्शक ग्लेझ (भट्टीत वितळून काचेसारखा होणारा थर) देऊन १२२० अंशांना भाजून आणलं, तर कमळ मळकट राखाडी आणि पानं तपकिरी! निळी किनार मात्र छान उठून आली आहे. भट्टीवाले म्हणतात, रंग खोटा. रंगवाले म्हणतात, भट्टी जास्त तापली. खरं कुणाचं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोघांचंही नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे ती निळी किनार. भट्टी बेसुमार तापली असती तर ग्लेझ खाली ओघळलं असतं आणि निळ्या रेषेच्या कडाही फिसकटल्या असत्या. तसं काही झालेलं नाही. गुलाबी आणि हिरवा हे दोनच रंग बिघडले, आणि या दोघांत एक गोष्ट समान असते : क्रोमियम.

बाजारात मिळणारे बरेचसे गुलाबी रंग क्रोम आणि कथील यांच्यापासून बनवतात. हिरव्यातही बहुधा क्रोम असतं. या क्रोमचं जस्ताशी, म्हणजे झिंकशी, अजिबात पटत नाही. पारदर्शक ग्लेझ नितळ वितळावं म्हणून त्यात अनेकदा झिंक ऑक्साइड घातलेलं असतं. भट्टीत ते वितळलं की खालच्या क्रोमला भिडतं, आणि हिरव्याचा तपकिरी, गुलाबीचा राखाडी होतो. कोबाल्टच्या निळ्याला त्याचा फारसा त्रास नाही, म्हणून तुमची किनार वाचली. पहिल्या भाजणीत ग्लेझ नव्हतंच, त्यामुळे तेव्हा सगळेच रंग छान दिसले.

तेव्हा ग्लेझ विकणाऱ्याला फोन करून एवढंच विचारा : यात झिंक आहे का? असेल तर बिनझिंकचं, भरपूर कॅल्शियम असलेलं पारदर्शक ग्लेझ मागा. क्रोम-कथिलाचा गुलाबी त्याच्याखालीच खुलतो. काही गुलाबी मँगनीज-अ‍ॅल्युमिनाचेही असतात आणि त्यांना जस्त मानवतं. म्हणून डबीवरचं नाव बघून अंदाज बांधू नका, रंग कशाचा आहे ते विचारा. डबीत असतो तो अर्धा रंग. उरलेला अर्धा वरचं ग्लेझ ठरवतं, आणि मातीकाम शिकवताना ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी असं माझं ठाम मत आहे.

पुढची ताटली रंगवण्याआधी एक चाचणी-पट्टी कराच. तुमच्याच मातीची, तळहाताएवढी, उभी राहील अशी. तिच्यावर प्रत्येक रंगाचा आडवा पट्टा ओढा. पट्ट्याच्या एका टोकाला एक हात, मध्ये दोन, दुसऱ्या टोकाला तीन. एक हात दिलेला रंग जलरंगासारखा पारदर्शक राहतो, ब्रशचे फटकारे दिसतात. सपाट, भरीव रंग हवा तर तीन पातळ हात लागतात. आधीच्या हाताची ओली चमक गेली की पुढचा द्यायचा, आणि तोही आडव्यावर उभा. बिस्क, म्हणजे ग्लेझ देण्याआधीची पहिली भाजणी, झाल्यावर पट्टीची एक बाजू कोरीच ठेवा, मधल्या भागाला पातळ ग्लेझ द्या, दुसऱ्या बाजूला जाड. मागे आयर्न ऑक्साइडनं मातीचं, ग्लेझचं नाव आणि तापमान लिहा. ही पट्टी भट्टीत शेजारी ६ नंबरचा कोन (ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा छोटा सुळका) ठेवून भाजायची. मीटर फक्त तापमान दाखवतो. कोन वाकला म्हणजे ती उष्णता पुरेसा वेळ मिळाली हे कळतं.

जाडीचं आणखी थोडं सांगते, कारण पारदर्शक ग्लेझ दुधाळ होण्याच्या बहुतेक तक्रारी तिथेच सुटतात. ग्लेझ जाड बसलं की त्यात बारीक बुडबुडे अडकतात आणि नक्षीवर धुकं आल्यासारखं दिसतं. बादली नीट ढवळा, १०० मिली ग्लेझ मोजून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. भांड्याचं वजन वजा जाता १४० ते १४५ ग्रॅम भरलं तर ठीक. जास्त भरलं तर पाणी घाला. भांडं तीन अंक मोजेपर्यंत बुडवून काढा. वाळल्यावर तळाजवळ टाचणीनं हलकेच ओरखडा काढा : थर पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षा जास्त नको.

ही ताटली मात्र आता परत भाजून सुधारणार नाही. ती समोर ठेवा आणि नव्या पट्टीशी ताडून बघा.

प्रश्न : ताई, मी बिस्क केलेल्या मगांवर अंडरग्लेझनं पानं काढली आणि लगेच ग्लेझमध्ये बुडवले. भाजून आल्यावर नेमकं पानांवरून ग्लेझ मागे सरकलेलं, कडेला जाड गोळे आणि मध्ये उघडी माती. काही मगांना कानाजवळही असंच झालंय, तिथे तर रंग नव्हता.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : याला क्रॉलिंग म्हणतात. वितळलेल्या ग्लेझला खालच्या पृष्ठभागाला चिकटता आलं नाही की ते अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होतं. तुमच्याकडे याची दोन वेगळी कारणं दिसतात.

पानांवर रंग जाड लागला आहे. बिस्क पाणी झटकन शोषतं, ब्रश अडखळतो, म्हणून आपण पुन्हा पुन्हा हात फिरवतो आणि रंगाची सैल भुकटी साचते. ग्लेझचं पाणी ती भुकटी उचलतं, थर वाळताना भेगाळतो आणि भट्टीत त्या भेगा रुंदावतात. बिस्कवर रंगवायचंच असेल तर आधी ओल्या स्पंजनं भांडं पुसून घ्या, म्हणजे ब्रश सरकेल. रंगवून झाल्यावर भांडी पुन्हा एकदा ९०० अंशांच्या आसपास भाजा आणि मगच ग्लेझ द्या. एका भाजणीचा खर्च वाढतो, पण रंग पक्का बसतो आणि बुडवताना नक्षी पुसली जात नाही. माझी स्वतःची पसंती कच्च्या, लेदर हार्ड म्हणजे अर्धवट सुकलेल्या भांड्यावर रंगवण्यालाच आहे. तेव्हा माती अजून दमट असते, ब्रश लांब रेषा सोडतो, चुकलेली रेघ खरवडून काढता येते, आणि रंग मातीबरोबरच भाजला जातो.

कानाजवळचं कारण वेगळं : तिथे आपण मग धरतो. बिस्कला हाताचं तेल लागलं की ग्लेझ तिथे धरत नाही. केसांना खोबरेल लावून किंवा हाताला क्रीम चोपडून बिस्क हाताळू नका. धूळही तितकीच वाईट. महिनाभर फळीवर पडलेली बिस्क भांडी ओल्या स्पंजनं पुसून, दिवसभर वाळवून मगच ग्लेझ करा. आणि कान जिथे जोडला आहे त्या खाचेत ग्लेझ जाड साठतं, ते बोटानं घासून सपाट करा.

प्रश्न : जयपूरची निळी भांडी एकदाच भाजतात असं ऐकलं. मग आपण दोनदा का भाजतो?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : फार चांगला प्रश्न. जयपूरच्या ब्लू पॉटरीत आपल्या अर्थानं माती जवळजवळ नसतेच. गारेची म्हणजे क्वार्ट्‌झची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, सवागी (बोरॅक्स) आणि डिंक मळून ती कणीक साच्यात दाबतात. वर पांढरं अस्तर, त्यावर कोबाल्टचा निळा आणि तांब्याचा फिरोजी, मग पारदर्शक ग्लेझ, आणि साधारण ८०० ते ८५० अंशांना एकच भाजणी. ही कला मागे पडली होती, तेव्हा तिला पुन्हा उभं करण्यात कृपालसिंह शेखावत यांचा मोठा वाटा होता. त्यांना १९७४ साली पद्मश्री मिळाली. जयपूरला गेलात तर दुकानाबरोबर कारखानाही बघा. अस्तरावर खारीच्या शेपटीच्या केसांच्या ब्रशनं ओढलेली रेघ हातभर अंतरावरून बघण्यासारखी असते.

आपली माती वेगळी वागते. वाळलेलं कच्चं भांडं ग्लेझच्या बादलीत बुडवलं तर पाणी पिऊन कडा सुटू शकतात. शिवाय मातीत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी साधारण ६०० अंशांपर्यंत निघत राहतं, आणि सेंद्रिय कचरा जळून जायला ९०० पर्यंत अवकाश द्यावा लागतो. हे वायू निघायच्या आधी वर काच वितळली तर फोड आणि टाचणीएवढी भोकं पडतात. म्हणून आधी बिस्क. कच्च्यावर ग्लेझ देऊन एकाच भाजणीत काम करणारे स्टुडिओ आहेत, पण त्यांचं ग्लेझ मातीबरोबर आकसेल असं बनवलेलं असतं आणि भट्टी सुरुवातीला फार सावकाश चढवतात. शिकणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : आमच्या कुंभारकाकांकडून लाल माती आणून बरणी केली आहे. आतून-बाहेरून अंडरग्लेझ दिलंय. १२२० चं ग्लेझ देऊन त्यात कैरीचं लोणचं घालू का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : १२२० ला मुळीच पाठवू नका. पणत्या-माठांची लाल माती त्या उष्णतेला फुगते, बसते आणि वितळून भट्टीची फळीही खराब करते. तिला १००० ते १०६० अंशांपर्यंतच भाजा, आणि त्याच तापमानाचं, शिसं नसल्याची विक्रेत्यानं लेखी खात्री दिलेलं ग्लेझ घ्या. नुसतं अंडरग्लेझ पुरणार नाही. ते काचेसारखं वितळत नाही, छिद्रं उघडी राहतात.

लोणचं मात्र त्यात नको. या तापमानाला माती पूर्ण बंद होत नाही. ग्लेझला केसासारखे तडे गेले तर तेल आणि खार आतून झिरपून तळाशी उतरतात. आंबट पदार्थ ग्लेझमधून धातूही ओढतात, आणि शिशाच्या ग्लेझमध्ये तांब्याचा हिरवा असेल तर शिसं आणखी सुटतं. रात्रभर लिंबाची फोड ठेवून बघण्याची युक्ती चांगली आहे : सकाळी तिथला रंग फिकटला तर ते ग्लेझ जेवणाच्या भांड्याला नको. पण रंग जसाच्या तसा राहिला म्हणून शिसं नाही असं ठरत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. लोणच्याला चिनी मातीची पक्की बरणी वापरा. तुमच्या बरणीत पोहे, डाळ, सुक्या मिरच्या खुशाल भरा.